मागे चालायला लावणारे डॉक्टर

नव्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं नाही. "सिस्टर, चप्पल दाखवा," म्हणाले. मी त्या दवाखान्यात नऊ वर्षं काढलेली, ओपीडीतल्या गर्दीला नुसत्या नजरेने रांगेत उभी करणारी बाई. माझ्याशी असं कुणी बोलत नसे. तरी गोंधळून मी चप्पल काढून दिली. त्यांनी ती उलटी धरून तळ कुठे झिजलाय ते खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं आणि डाव्या खांद्याला पिशवी अडकवता का, असं विचारलं. मी अडकवत होते. मग त्यांनी चप्पल स्वतःच्या हाताने माझ्या पायाजवळ ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळले. पुढचा माणूस म्हणजे आमच्या ट्रस्टचे चिटणीस. त्यांनाही चप्पल काढावी लागली.

दवाखाना बोईसरचा, धर्मादाय, तीस खाटांचा. कारखान्यांची वसाहत वाढत होती, माणसं लांबलांबून येऊन राहत होती, आणि आमच्याकडे मलेरियापासून मशिनीत सापडलेल्या बोटांपर्यंत सगळं येत होतं. डॉक्टर मज्जातंतूंचे. असा माणूस मुंबईतलं मोठं इस्पितळ सोडून आमच्याकडे का आला, हे कुणाला कळेना. मूळचे वऱ्हाडातले, इतकी वर्षं मुंबईत काढून ‘का’च्या जागी ‘काहून’च म्हणायचे. विचार करताना गुडघ्यावर गुडघा टाकून खिशातली रबरी हातोडी स्वतःच्याच गुडघ्याखाली मारत बसायचे. पाय उडायचा, पुन्हा मारायचे. ट्रस्टच्या बैठकीतही हे चालायचं. खर्चाचा विषय निघाला की पाय जास्त उडतो, असं चिटणीस म्हणत.

तेव्हा आमच्याकडे एक पद्धत होती. झटके येऊन पडलेली बाई किंवा हात लुळा पडलेला माणूस आणला आणि तपासण्यांत काही निघालं नाही, की केसपेपरवर ‘फंक्शनल’ असा शेरा पडायचा. शब्द दिसायला साधा आहे, पण आम्हां सगळ्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता, तो म्हणजे नाटक. मग काम माझ्याकडे यायचं. अमोनियाची बाटली नाकाशी धरायची. पेशंट ठसकत, डोळे चोळत उठून बसायचा आणि नातेवाइकांसमोर त्याचं पितळ उघडं पडायचं. या कामात माझा हातखंडा होता आणि मला त्याचा अभिमानही होता. आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

डॉक्टरांनी मला हे करताना दुसऱ्याच आठवड्यात पाहिलं. बाटली माझ्या हातातून घेतली आणि वॉर्डातल्या बेसिनमध्ये ओतून टाकली. सगळा वॉर्ड खोकायला लागला. मी, आया, खाटांवरचे पेशंट, स्वतः डॉक्टर, सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यातही त्यांनी मला विचारलं, "आता हे सगळे नाटक करताहेत का, सिस्टर?" मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

मुंबई का सोडली हे त्यांनी एकदाच, चहा पिताना सांगितलं. तिथे एका बाईच्या कागदावर त्यांनी तोच शेरा लिहिला होता. बाई शिकलेली होती. तिने कागद वाचला आणि या शब्दाचा अर्थ काय, असं विचारलं. यांना सांगता येईना. "ज्याचा अर्थ पेशंटला सांगायची आपल्याला लाज वाटते, तो शब्द लिहायचा काहून?" असं म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला. खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं, आणि या पेशंटना ठाऊक नसतं, मग हे खोटे कसे, एवढा त्यांचा सरळ हिशेब होता. मला तो तेव्हा पटला नव्हता.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असायची, म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेला वर्ग शुक्रवारी. एक्स-रेच्या खोलीमागच्या व्हरांड्यात दोन बाकं, एक सतरंजी आणि शाळेने टाकून दिलेला फळा. औषध नाही, सुई नाही, नुसता वर्ग. या आजाराच्या माणसांना एकत्र बसवून त्यांचा आजार त्यांनाच समजावून सांगायचा, हे खूळ त्या भागात कुणी ऐकलंही नव्हतं. आठ-दहा जण यायचे. सफाळ्याचे एक गुरुजी होते, त्यांचा आवाज एका सकाळी हजेरी घेताना गेला तो आलाच नाही, नुसतं कुजबुजायचे. रंगाच्या कारखान्यातला एक बिहारी कामगार होता. व्हॉल्वला हात घातला की त्याचा उजवा हात थडथडायचा आणि ढोलक घेऊन बसला की अगदी ठीक. "हाथ अपना है साहब, पर सुनता नहीं," असं तो हसत सांगायचा, आणि हसू संपलं की हाताकडे बघत राहायचा.

वर्गाची सुरुवात ठरलेली. आजवर डॉक्टरांनी, घरच्यांनी तुम्हाला काय सांगितलं, हे प्रत्येकाने सांगायचं. उत्तर बहुतेक एकच यायचं, की तुम्हाला काही नाही झालेलं. डॉक्टर ते दोन शब्द, ‘काही नाही’, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि त्यावर आडवी रेघ मारायचे. मग म्हणायचे, की तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे मेंदूत गाठ नाही, नस तुटलेली नाही, ही चांगली बातमी आहे. पण काही झालंच नाही, असं होत नाही. पाय उचलत नाही हे झालेलं आहे. आजार खरा आहे आणि तो सुटू शकतो. एवढं तीनतीनदा सांगायचे. मी कोपऱ्यात उभी राहून मनात म्हणायचे, एवढ्या वेळात माझी वीस ड्रेसिंग झाली असती.

कुणाला कशाचं दुःख आहे हे ते खोदून विचारत नसत. याचं मला नवल वाटायचं, कारण असल्या दुखण्यामागे सासुरवास नाहीतर प्रेमभंग असणार अशी आमची सगळ्यांची खात्री होती. डॉक्टर म्हणायचे, कारण सापडलं तर बरंच आहे, पण कारण सापडेपर्यंत पाय बसवून ठेवायचा नाही.

मग चालणं. ज्याचा पाय पुढे टाकताना अडतो त्याला ते मागे चालायला लावायचे, कुणाला तालावर, कुणाला डोळे वर छताकडे ठेवून. स्वतः पुढे होऊन आधी करून दाखवायचे. पोट सुटलेला, चष्मा नाकावर आलेला तो माणूस व्हरांड्यातून सरसर मागे जातोय आणि त्याच्यासमोर चार-पाच पेशंट तसेच मागे जाताहेत, अशी ती वरात दर शुक्रवारी निघायची. खिडक्यांतून सगळा दवाखाना बघायचा. उमरोळीला माझ्या घरी मी ही नक्कल करून दाखवायचे, मुलं पोट धरून हसायची.

हिरा वर्गात आली ती अशाच एका शुक्रवारी. समुद्रकाठच्या मुरब्याची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात येणारी. एसटीची पायरी चढताना एक दिवस तिचा उजवा पाय उचललाच नाही. तेव्हापासून तो ओढत चालायची. महिना-दोन महिने मुंबईपर्यंत तपासण्या झाल्या होत्या, सगळ्या चांगल्या. नवरा जनार्दन बोटीवर खलाशी, चार वर्षांची मुलगी, आणि सासू. सासू पहिल्यांदा तिच्याबरोबर आली होती, कंबरेला पदर खोचलेली, माणसाला आरपार बघणारी.

डॉक्टर त्या दिवशी फळ्यावर रेल्वे काढत होते. रूळ धड आहेत, डबे धड आहेत, पण सिग्नल लाल होऊन अडकलाय, असं समजावत होते. चित्र इतकं वाईट होतं की रुळांची गोम झाली होती. त्यांनी समजलं का असं विचारलं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरा तेवढी म्हणाली, नाही समजलं. मग थोडा विचार करून तिने विचारलं, "म्हंजे बोट चांगली हाय, खलाशीबी हायत, पन तांडेल भ्यालाय, असं?" तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बोट वळते. एकदा वादळात सापडला की तो साधा ढग दिसला तरी बोट माघारी फिरवतो, आणि खलाशांना वाटतं बोटच बिघडली, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि रेल्वे पुसून टाकली. त्यानंतर दर वर्गात ते तांडेलाचंच उदाहरण द्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, हे माझं नाही, हिराचं आहे.

मग त्यांनी तिचे हात धरले आणि तिला मागे चालायला सांगितलं. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गेली. उजवा पाय स्वच्छ उचलत होता. तिने खाली पाहिलं आणि ती रडायलाच लागली. आनंदाने म्हणावं तर तसं नव्हतं, घाबरली होती. मग मी खोटी का, असं तिने विचारलं. डॉक्टर तिच्यासमोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, पुढे चालताना तू पायावर पहारा ठेवतेस, म्हणून तो अडतो. मागे चालताना पहारा सुटतो. पाय शाबूत आहे हे तुला आज दिसलं, आता त्याला रोज थोडं थोडं आठवण करून द्यायची. रोज सकाळी वाळूवर असंच मागे चाल, म्हणाले.

हे व्हरांड्यात चाललं होतं आणि मी ड्रेसिंगच्या खोलीतून ते बघत होते, तेवढ्यात सासू माझ्या खिडकीशी आली. मी बँडेजच्या गुंडाळ्या करत होते. तिने हळू आवाजात विचारलं, की बाय, तू रोज इथं असतेस, तू खरं सांग, हिला झालंय काय. मी मान वर न करता म्हणाले, "काही नाही झालेलं तिला. पाय धडधाकट आहे." दर शुक्रवारी फळ्यावर रेघ मारलेले तेच दोन शब्द. मी ते दर वेळी ऐकत होते आणि माझ्यात काडीचाही फरक पडला नव्हता.  सासू मान हलवून बाकावर जाऊन बसली.

डॉक्टर आमच्याकडे सहा-सात वर्षं होते. सगळे बरे झाले असं नाही. गुरुजींचा आवाज एका शुक्रवारी खोकल्याबरोबर परत आला आणि ते इतके घाबरले की पुन्हा कुजबुजायला लागले. मग हळूहळू आला. बिहारी कामगाराचा हात थडथडतच राहिला, त्याने व्हॉल्वचं काम सोडून पॅकिंगला बदली मागून घेतली आणि तरी वर्गाला येत राहिला. पुढे ट्रस्टच्या लोकांना या वर्गाचा उपयोग दिसेना आणि डॉक्टरांना ट्रस्टच्या लोकांचा. ते गेले तेव्हा निरोपसमारंभ करू दिला नाही. मी आणखी दोन वर्षं शुक्रवारी सतरंजी टाकत होते. सांगता येईल तेवढं सांगायचे. पण त्यांची आठवण निघाली की मला ना फळा आठवतो ना हातोडी, मला मुरब्याचं अंगण आठवतं.

हिरा पुढचे काही शुक्रवार नीट आली. मग लागोपाठ तीन शुक्रवार आली नाही. चौथ्या शुक्रवारी जनार्दन एकटा आला, तिचे सगळे कागद पिशवीत घेऊन. त्याला डॉक्टरांची सही हवी होती. हिराला काहीही झालेलं नाही, असं लिहून हवं होतं. रविवारी गावातली चार माणसं बसणार होती. हिराला माहेरी पाठवायचं ठरत होतं, मुलगी जनार्दनकडेच राहणार होती. तो काही रागीट माणूस नव्हता. खाली बघून बोलत होता. रोज सकाळी बोंबील वाळत घालायच्या बांबूंपलीकडे ती वाळूवर सरसर मागे चालते, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. पुढे चालायची वेळ आली, पाटी उचलायची वेळ आली, की लंगडते. "मागं चालते ती पुढं का नाय चालनार? आई तं कवापासून बोलते, नाटक हाय. इथल्या सिस्टरनीच तिला सांगितलं, काय नाय झालेलं म्हनून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्यांनी हातोडी काढली, दोनदा स्वतःच्या गुडघ्यावर मारली, आणि रविवारी किती वाजता बसायचं आहे ते विचारलं. कागदावर काही लिहिलं नाही. मी येतो, एवढंच जनार्दनला म्हणाले.

रविवारी मी न विचारता त्यांच्याबरोबर एसटीत बसले. अर्ध्या वाटेवर मला राहवेना आणि मी सगळं सांगितलं, खिडकी, बँडेज, शब्द न् शब्द. ते बाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले की चूक त्यांचीही आहे. तिला वाळूवर चालायला सांगितलं, पण बघणाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं हे शिकवलं नाही. "वर्ग पेशंटचा घेतला, सिस्टर. घराचा घेतला नाही."  त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते. त्यांना असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

अंगणात जाळी पसरलेली होती. पाच-सहा पुरुष ओट्यावर, बायका दारात. हिरा खांबाला टेकून खाली बसली होती, मुलगी सासूच्या कडेवर. ओट्यावरच्या वयस्कर माणसाने डॉक्टरांना खुर्ची दिली आणि काय ते तुम्ही सांगा म्हणाला. डॉक्टर खुर्चीवर बसले नाहीत. हिराच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले की ते बोलणार नाहीत. हा आजार त्यांच्यापेक्षा हिरा चांगला समजावून सांगते, आणि तिचं ऐकून मग काय ठरवायचं ते ठरवा. मला वाटलं, हा माणूस ठार वेडा आहे. एका बाईचा संसार आणि पोर जायची वेळ आलीय आणि हा तिलाच पुढे करतोय. 

हिरा खांबाला धरून उठली. जनार्दनकडे बघत तिने विचारलं, "तुमी आठ दिस समुद्रावर राहून येता. घरी जेवायला बसता, तेवा काय बोलता?"

त्याने ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. ती म्हणाली, बोला ना, सगळ्यांसमोर बोला.

"जमीन हलते, बोलतो," तो म्हणाला.

"हलते काय?"

"नाय. जमीन कशी हलंल?"

"मंग खोटं बोलता?"

"खोटं कशाला? मला हलतेच. दोन दिस हलते."

"मी कदी बोलली का, जमीन जागेवर हाय, नीट बसा?" ती म्हणाली. "मी तुमचं ताट हातानं धरून बसते. तुमचं जेवन होईस्तोवर धरते."

 ओट्यावर बसलेले सगळेच समुद्रावर जाणारे किंवा गेलेले. वयस्कर माणूस आपल्या तळव्यांकडे बघत होता. मग तो हळूच म्हणाला, की त्याला एकदा सहा दिवस हलत होती आणि तो कुणाला बोलला नव्हता. जनार्दनने पिशवीतले कागद बाहेर काढले होते, ते त्याने पुन्हा आत ठेवले.

सासू मात्र हिराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. दारातून पुढे आली आणि म्हणाली, "बाय, तू बोललीस ना?"

 बोलले, मी म्हटलं. चुकले. कागदावर काही नव्हतं तेवढं बघून बोलले, तिच्याकडे बघितलं नाही. एवढ्या लोकांत चुकले म्हणायची माझी ती पहिलीच वेळ होती.

"तू चुकले बोलून मोकली झालीस," ती म्हणाली. "तुज्या शब्दावर मी तिला इतके दिस काय काय बोलले. ते आता मी कुठं ठेवू?"

 मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

 मग म्हातारी हिराच्या जवळ जाऊन, तिच्याकडे न बघताच म्हणाली, "सकाली वालूवर एकटी नको जाऊ. मी येते. लोकांना हसायचं तं दोघींना हसू दे."

हिरा खांबाला धरून खाली बसली. म्हातारीने कडेवरची नात तिच्या मांडीवर दिली आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेली.